उलंगवाडीनंतरची पऱ्हाटी पेटवू नका, मार्चअखेर खताला लावा

कापसाची शेवटची वेचणी आटोपून उलंगवाडी झाली की पश्चिम विदर्भातील बहुतेक वावरांत वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडे, उरते. ती उपटून धुऱ्यावर (बांधावर) रचायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायची, ही रीत अजून सुटलेली नाही. एका एकरातून साधारण एक टन पऱ्हाटी निघते. ती जळाली की तिच्यातील सेंद्रिय कर्ब आणि जवळजवळ सगळे नत्र धुरावाटे निघून जाते. राखेत थोडा पालाश आणि चुना उरतो खरा, पण तोही वैशाखाच्या वावटळीत बराचसा उडून जातो. ज्या वावरासाठी आपण दरवर्षी शेणखताची बंडी विकत घेतो, त्याच वावराचे खत आपल्याच हाताने जाळणे मनाला लागते.

पऱ्हाटी न जाळता धुऱ्यावर तशीच रचून ठेवणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. ढिगातील एखादे न उमललेले, काळपट कवडी बोंड फोडून पाहावे. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, तर त्या अलगद सोडवाव्यात. पुष्कळदा त्यांच्या पोकळीत गुलाबी बोंडअळी अंग मुडपून निजलेली सापडते. ती उन्हाळाभर काही न खाता तशीच राहते आणि पावसाळा लागला की पतंग होऊन नव्या कपाशीवर जाते. 2017 च्या हंगामात या अळीने विदर्भातील कापूस उत्पादकांचे केवढे नुकसान केले, ते कोणी विसरलेले नाही. म्हणून फरदड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन लांबवलेले कपाशीचे पीक) घेऊ नये आणि चुलीसाठी पऱ्हाटी ठेवायचीच असेल, तर तिची सर्व बोंडे झोडपून, वेचून नष्ट केल्यावरच ती घराजवळ आणावी.

उरलेल्या पऱ्हाटीची श्रेडरने एक-दोन इंचांची कुट्टी करावी. यंत्र भाड्याने आणताना चार-पाच शेजाऱ्यांनी एकाच दिवशी काम काढले, तर फेऱ्यांचा खर्च वाटून जातो. पऱ्हाटी लाकडासारखी कठीण असून तिच्यात कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडे असते. त्यामुळे ती नुसती ढीग घालून कुजत नाही. कुट्टी ताजीच जमिनीत गाडली, तर ती कुजवणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचे नत्र ओढून घेतात व कोवळे पीक पिवळे पडते. उसाच्या पाचटासाठी आपल्या राज्यात रुळलेले प्रमाण येथेही वापरता येते: एक टन कुट्टीसाठी 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कंपोस्ट जिवाणू कल्चर. युरिया व कल्चर एकाच बादलीत कालवू नये. कल्चर शेणकाल्यात मिसळून वेगळे शिंपडावे. सावलीच्या, पाण्याजवळच्या जागी सहा फूट रुंद आणि चार फूट उंच ढीग थराथराने रचून वरून मातीने किंवा शेणाने लिंपून घ्यावा.

खरी अडचण पाण्याची असते. आमच्या पहिल्या ढिगाला आम्ही वरवर पाणी मारले होते. जूनमध्ये तो उकलला, तेव्हा आतली कुट्टी भरली होती तशीच कोरडी निघाली आणि तिच्यात उधई शिरलेली होती. तेव्हापासून कुट्टी आदल्या दिवशी भिजवूनच भरतो. मूठभर कुट्टी दाबल्यावर बोटांमधून दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त झाले, तळहात नुसताच दमट झाला तर कमी. आठवड्याने ढिगात लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढावी. ती हातात धरवत नसेल, तर काम बरोबर चालले आहे. इतक्या उष्णतेत कुट्टीतून वाचलेली अळीही टिकत नाही. सळई थंडच निघाली तर ओलावा तपासून ढीग उलटून घ्यावा. एरवी महिन्याने एकदा आणि दोन महिन्यांनी पुन्हा ढीग उलटणे पुरते.

सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) आधी जनावरांना द्यावे. पावसाने भिजून बुरसलेले असेल, तेच या ढिगात घालावे. वरूड-मोर्शीकडील बागायतदारांनी झाडाखाली गळलेली संत्री तशीच सडू न देता ढिगाच्या मध्यभागी, गरम भागात दाबावीत, कारण त्यांतून फळमाशी व फळकूज पुन्हा बागेत जाते. ज्यांच्याकडे शेण थोडे आणि काडीकचरा जास्त आहे, त्यांच्यासाठी पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत आजही सोयीची आहे. विटांमध्ये हवेसाठी झरोके ठेवून बांधलेल्या 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच टाक्यात काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर देतात.

मार्चअखेर लावलेला ढीग जुलैपर्यंत तयार होतो, फेब्रुवारीत लावलेला पेरणीआधीच्या शेवटच्या वखरणीला मिळतो. काळे, भुसभुशीत आणि ओल्या मातीचा वास येणारे खत वावरात पसरून लगेच मातीआड करावे. चाळणीवर राहिलेले जाड तुकडे पुढच्या ढिगाच्या तळाला घालावेत.