केप्लरच्या गावी जाताना वही न्या

मुलगा जर्मनीत श्टुटगार्टला असतो, त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी आमची तिकडे वारी ठरलेली. तिकडे निघालेल्या नाशिककरांना मी सांगते, मोटारींची संग्रहालयं नंतर बघा, आधी अर्धा दिवस वाइल डेअर श्टाटला द्या. ग्रहांच्या फिरण्याचे नियम शोधणारा खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर २७ डिसेंबर १५७१ रोजी या गावात जन्मला.

श्टुटगार्टहून एस ६ लोकल पकडायची आणि शेवटच्या स्टेशनला उतरायचं. चुकून एस ६० मध्ये बसू नका, ती रेनिंगेनहून बोब्लिंगेनकडे वळते. मी बसले होते. डब्यातला चिवडा संपला तेव्हा कुठे बाहेर बघितलं!

गाव छोटं, पायी फिरण्याजोगं. चौकात केप्लरचा बसलेला पुतळा आहे, १८७० सालचा. खाली चौथऱ्यावर चौघं: खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकस आणि टायको ब्राहे, घड्याळं बनवणारा ब्युर्गी आणि केप्लरचे गुरुजी मेस्टलिन. पुतळ्याखाली गुरुजींनाही जागा देणारं गाव माझ्यासारख्या मास्तरणीला आवडणारच.

आता तिथेच बसा आणि वही काढा. ग्रहाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर पृथ्वीच्या किती पट आहे ते घ्यायचं, त्याचा घन करायचा, मग वर्गमूळ. आलेला आकडा म्हणजे त्या ग्रहाच्या एका फेरीची वर्षं. हा केप्लरचा तिसरा नियम, १६१९ मध्ये छापलेला. गुरू ५.२ पट लांब. ५.२ गुणिले ५.२, २७.०४. पुन्हा ५.२ ने गुणलं की १४०.६. वर्गमूळ ११.८६.

गुरू सिंहेत आला की आपला सिंहस्थ. आजी रामकुंडावर बोटांच्या पेरांवर बारा वर्षं मोजून दाखवायची. शेवटचं पेर जरा आखूड आहे, हे गणितातून कळतं. गुरूच्या सात फेऱ्या ८४ नव्हे, ८३ वर्षांतच होतात. म्हणून मधूनच एखादा कुंभ अकरा वर्षांनी येतो. हरिद्वारचा २०१० नंतर २०२१ ला आला, तो असाच.

केप्लरचं संग्रहालय चौकाजवळच आहे, पण लहान. उघडण्याच्या वेळा आधी बघून जा. धर्मसुधारक योहानेस ब्रेंझही इथलाच, जन्म १४९९. त्याच्यासाठी मी काही थांबले नाही.

परतताना त्याच लोकलने लिओनबर्गला उतरा. केप्लरचं बालपण इथे गेलं. १५७७ चा धूमकेतू आईने, कॅथरिनाने, त्याला उंचावर नेऊन दाखवला. पुढे याच गावात तिच्यावर चेटकिणीचा आळ आला. चौदा महिने कोठडीत काढले बाईने. लेक स्वतः येऊन तिच्या बाजूने लढला, तेव्हा १६२१ मध्ये सुटली, आणि पुढच्याच वर्षी गेली.

उन्हाळ्यात तिकडे रात्री दहाच्या आसपासही उजेड असतो. तारे बघायला थांबणार असाल तर स्वेटर घ्या आणि शेवटच्या गाडीची वेळ वहीतच लिहून ठेवा.