मॅग्नेट, बुकमार्क, पिना करताय? मग या चुका टाळा

कोथरूडच्या एका सोसायटीत दिवाळीआधी प्रदर्शन होतं, तिथे मी बुकमार्कचा स्टॉल लावला होता. मागे खणाचं कापड, वर रेशमी गोंडा आणि पुढे एक आळसावलेलं मांजर. मांजर मोबाइलवर सापडलेलं. अप्पा बळवंत चौकातून जाड कागदावर छापून आणलं, बाकी सगळं हातचं काम. दुपारी कॉलेजातली एक मुलगी आली. बुकमार्क उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "काकू, हे चित्र कुणाचं आहे?"

"नेटवर मिळालं गं."

"माझं आहे ते."

ती ओरडली नाही, म्हणून जास्तच ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्याचं चित्र न विचारता वापरण्याच्या ज्या चुका पुढे लिहिल्यात, त्यातल्या निम्म्या माझ्या स्वतःच्या आहेत, उरलेल्या आमच्या हस्तकलेच्या ग्रुपमधल्या.

"सगळं हाताने केलंय, मग माझंच की!"

गोंडा माझा, शिलाई माझी. पण लोक थांबत होते ते मांजर बघून. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं की हक्क आपोआप तयार होतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात सही किंवा चिन्ह असावंच असंही नाही. माध्यम बदलून सुटका होत नाही. कागदावरच्या चित्राची त्रिमितीय वस्तू करणं हासुद्धा चित्राच्या मालकाचाच हक्क आहे. म्हणजे कार्टूनमधल्या पात्राची क्रोशाची बाहुली विणायला तीन रात्री लागल्या, तरी पात्र आपलं होत नाही. इथे आमच्यातल्या विणणाऱ्या हमखास फसतात: "मी पॅटर्न पैसे देऊन घेतलाय." घेतलात, पण पॅटर्न विकणाऱ्याकडे तरी त्या पात्राची परवानगी होती का? बहुतेकदा तोही आपल्यासारखाच हौशी असतो.

'तीस टक्के बदललं की चालतं' हा नियम मला किमान चार जणींनी ठामपणे सांगितलाय. कायद्यात असा आकडा कुठेच नाही. मांजराला चष्मा घातला तरी ते तिचंच मांजर.

"खाली नाव दिलंय ना"

नाव देणं ही सभ्यता, परवानगी ही वेगळी गोष्ट. 'ना नफा ना तोटा' तत्त्वावर देते, हेही तसंच. स्वतःच्या फ्रिजवर एक मॅग्नेट लावलात तर गोष्ट निराळी, खासगी वापराला कायद्यात सवलत आहे. पण सोसायटीच्या ग्रुपवर 'फक्त ८० रुपये, मोजकेच नग' असं टाकलंत की ते खासगी राहत नाही. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. बुकमार्कवाल्या काकूंना कुणी लगेच तुरुंगात धाडणार नाही, हे मलाही कळतं. तरी ज्या गावात दुकानदार 'आमची कुठेही शाखा नाही' अशी पाटी अभिमानाने लावतो, तिथे दुसऱ्याच्या चित्राची शाखा आपण न विचारता उघडावी, हे गमतीचंच.

"जुनं आहे, आता कोण विचारतंय"

इथे वर्षं मोजायची. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं हक्क टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, चित्रकार एम. व्ही. धुरंधर १९४४ साली. त्यांची चित्रं आता मोकळी आहेत. (लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातून निघालेल्या रविवर्म्यांच्या चित्रांवर लोक जरतार आणि टिकल्या चिकटवून सजावट करायचे. हौस जुनीच आहे आपली.) मात्र आज कुणी ती चित्रं नव्याने रंगवून टाकलेली आवृत्ती उचलायची नाही, तिचा हक्क वेगळा असू शकतो. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत थांबायचं. आर. के. लक्ष्मण इथे पुण्यातच २०१५ मध्ये गेले, त्यांचा 'कॉमन मॅन' २०७५ संपेपर्यंत मोकळा होत नाही.

रद्दीतून जुना दिवाळी अंक मिळाला तर तो अंक तुमचा झाला, मुखपृष्ठ नव्हे. अंक हवा तर पुन्हा विका, त्याला हरकत नाही. मुखपृष्ठ स्कॅन करून वीस मॅग्नेट काढायला मात्र हरकत आहे. हक्क चित्रकाराच्या घरच्यांकडे की प्रकाशकाकडे, हे त्यांच्यातल्या करारावर ठरतं. दोघांनाही विचारा.

आधीच करून बसला असाल तर

विक्री थांबवा, फोटो काढून टाका, आणि चित्रकाराने शोधत येण्याआधी आपणच कळवा: किती नग केले, किती विकले, कितीला. गोलगोल लिहू नका. नवीन परवानगी मागतानाही नुसतं 'तुमचं चित्र वापरू का?' असं विचारलं की उत्तर येत नाही. कोणतं चित्र, कोणत्या वस्तूवर, किती नग, कुठे विकणार, किती दिवस आणि त्यांना काय देणार, हे एका निरोपात मांडा. होकार लेखी घ्या. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, म्हणून तीही लिहा. उत्तर आलं नाही, तर तो नकार समजायचा.

तुम्ही फक्त जमवणारे असाल तर स्टॉलवर एकच प्रश्न विचारा, 'चित्र कुणाचं?' ज्याने विचारून वापरलंय तो नाव लगेच सांगतो, वर चार गोष्टी ऐकवतो. तेच चित्र तीन स्टॉलवर दिसलं, कडा धुरकट आल्या असतील, की समजावं.

त्या मुलीने शेवटी उरलेले ४० बुकमार्क विकायला परवानगी दिली. प्रत्येकी १५ रुपये तिचे आणि मागच्या खणावर तिच्या नावाची चिठ्ठी. चिठ्ठी तिनेच हाताने लिहून दिली, चाळीस वेळा. जाताना एक बुकमार्क घेतला आणि गोंडा जरा सैल बांधलाय म्हणून सांगून गेली.