हवेचा हँडब्रेक: ट्रक उचलताना, उभा करताना आणि अडकल्यावर

हवेच्या ब्रेकच्या ट्रकमध्ये हँडब्रेक हवेनं लागतो, असं नव्यानं हेवी लायसन्स काढलेल्या बऱ्याच जणांना वाटतं. घडतं उलट. मागच्या चाकांजवळच्या डबल चेंबरमध्ये, म्हणजे गॅरेजवाले ज्याला बूस्टर म्हणतात त्यात, एक जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. हवा भरली की स्प्रिंग मागे रेटली जाते आणि ब्रेक सुटतो. हवा सोडली की स्प्रिंग चेंबरमधला दांडा पुढे ढकलते आणि ब्रेक लागतो. म्हणून रात्रभरात टाकी रिकामी झाली तरी उभ्या गाडीचा हँडब्रेक लागलेलाच राहतो, आणि चालत्या गाडीत हवा गळत गेली तर तो न ओढताच लागायला लागतो. खालच्या बहुतेक सूचनांमागचं कारण हे एवढंच आहे. टाटा ४०७सारख्या लहान गाड्यांत ऑइल ब्रेक आणि तारेचा हँडब्रेक असतो. त्यांना यातलं हवेचं गणित लागू नाही.

गाडी उचलण्याआधी

चाकाखालचे लाकडी ठोकळे हवा पूर्ण भरेपर्यंत काढू नका. इंजिन सुरू करून साधारण १००० आरपीएमवर ठेवा आणि मीटरवरचे दोन्ही काटे बघा. हे दोन काटे म्हणजे पायाच्या ब्रेकच्या दोन वेगळ्या सर्किटची हवा. एक काटा वर येतो आणि दुसरा मागे रेंगाळतो, असं दिसलं तर गळती त्या दुसऱ्या सर्किटमध्ये शोधायची. मीटर बारमध्ये असो की किलोमध्ये, आकडा जवळपास तोच. बऱ्याच गाड्यांत ८ बारच्या आसपास ड्रायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारा भाग, फुस्स करून जास्तीची हवा सोडतो. काही नव्या गाड्यांत हा आकडा जास्त असतो, तो गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. रिकाम्या टाक्या भरायला काही मिनिटं लागतात. नेमकी किती लागतात हे आपल्या गाडीपुरतं लक्षात ठेवा. रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला की एक तर कुठे तरी गळती आहे किंवा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा भरणारा पंप, थकलाय.

सगळ्यात जास्त नुकसान इथल्या घाईनं होतं. हवा कमी असल्याचा बझर बंद झाला, काटा ५ च्या पुढे सरकला, की हँडब्रेकचा लिव्हर सोडून गाडी काढायची सवय अनेकांना असते. ५ बारला स्प्रिंग धड मागे गेलेली नसते. ब्रेक सुटल्यासारखा वाटतो, गाडी चालतेही, पण लायनर, म्हणजे ब्रेकचं अस्तर, चाकाच्या ड्रमला घासत राहतो. कळंबोलीहून असा लोड घेऊन निघालेली गाडी मुंब्रा बायपासच्या चढावर पोचेपर्यंत मागच्या चाकातून जळका वास यायला लागतो, आणि चालक क्लचप्लेटवर संशय घेतो. काटा ६ च्या बराच वर गेल्याशिवाय लिव्हरला हात लावायचा नाही. आणि दोन मिनिटं थांबून ड्रायरचा फुस्स ऐकूनच निघालेलं बरं.

हवा भरली की गळतीची चाचणी घ्या. सपाट जागा, ठोकळे लावलेले, इंजिन बंद, चावी ऑन, हँडब्रेक सुटलेला. पायाचा ब्रेक पूर्ण दाबून एक मिनिट धरा. दाबताक्षणी काटा थोडा खाली येणारच; त्यानंतरच्या एका मिनिटात तो पाव बारपेक्षा जास्त उतरला तर गाडी लोडला नेऊ नये. मग पेडल पुन्हा पुन्हा मारून हवा खाली आणा. ५ बारच्या आसपास बझर आणि लाल दिवा लागलाच पाहिजे. बझरची वायर काढून ठेवलेल्या गाड्या रस्त्यावर कमी नाहीत. दुसऱ्याची गाडी हातात आली की ही चाचणी सगळ्यात आधी घ्यावी.

लिव्हर

तो काही गाड्यांत डॅशबोर्डवर असतो, काहींत सीटच्या बाजूला. पार्कच्या जागी तो खाचेत अडकतो, आणि सोडताना लिव्हरवरची कडी वर उचलूनच हलवावा लागतो. ब्रेक लावताना कडी खाचेत बसल्याचा टक आवाज आणि त्यापाठोपाठ मागून हवा सुटल्याचा आवाज, दोन्ही ऐकू आले पाहिजेत. अर्धवट ओढलेला लिव्हर हात काढताच परत जातो, आणि घसरलेल्या गाड्यांपैकी कितीतरी अशाच सुटतात. लिव्हर जितका ओढाल तितकी हवा सुटते, म्हणून पायाचा ब्रेक निकामी झाला तर हाच आणीबाणीचा ब्रेक. पण तो थोडा थोडा करत ओढायचा. धावत्या गाडीत एकदम पार्कमध्ये टाकला तर मागची चाकं जाम होतात, आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होते.

चढावर गाडी उचलताना पहिला गिअर टाका, क्लच हळू वर घ्या, इंजिनाचा आवाज दबला आणि केबिन किंचित उचलली की थोडी रेस देऊन मगच लिव्हर सोडा. हवा चेंबरमध्ये पोचून स्प्रिंग मागे जायला क्षणभर लागतो. त्या क्षणात घाबरून क्लच झटकन सोडला की गाडी बंद पडते किंवा जॉइंटला धक्का बसतो.

वाशी नाक्यासारख्या रांगेत दर दहा फुटांवर हँडब्रेक लावायचा आणि सोडायचा, तर दर वेळी चेंबरभर हवा वाया जाते. इंजिन आयडलवर असताना कॉम्प्रेसरला ती भरून काढणं जड जातं. रांगेत काट्यावर नजर ठेवा, आणि तो ६ कडे यायला लागला तर न्यूट्रलमध्ये जरा रेस द्या.

उभी करताना

क्रम असा: पायाच्या ब्रेकनं गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल करा, लिव्हर पार्कमध्ये टाका, मग पाय हळूहळू उचला आणि गाडी सरकते का ते बघा. हँडब्रेक लागलेला असताना पायाचं पेडल जोरात मारत बसू नका. ज्या गाडीत ते रोखणारा वाल्व नाही, तिच्यात स्प्रिंगचा जोर आणि हवेचा जोर दोन्ही एकाच दांड्यावर येतात. त्यानं स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे दांड्याचा जोर ब्रेकला पोचवणारा हात, आणि कॅम वाकतात.

टर्बो इंजिन लगेच बंद करू नये, एक-दोन मिनिटं आयडलवर चालू द्यावं. बंद केल्यावर चढाला तोंड असेल तर पहिला गिअर आणि उताराला तोंड असेल तर रिव्हर्स टाकावा. गिअर ही नुसती जोड आहे. लोड गाडी फक्त गिअरवर सोडायची नाही. आणि गिअर टाकून ठेवलाय हे क्लीनरला सांगून ठेवावं. क्लच न दाबता कुणी स्टार्टर मारला तर गाडी उडी मारते.

उतारावर स्टीअरिंग डावीकडे, फुटपाथकडे वळवून ठेवा. चढावर फुटपाथ असेल तर उजवीकडे, म्हणजे गाडी मागे सरकलीच तर पुढचं टायर कडेला टेकेल. फुटपाथ नसेल तर चढावरही डावीकडेच. ठोकळे मागच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या टायरला, उताराच्या अंगाला, ठोकून बसवा. वाटेत सापडलेला दगड चालत नाही: तो टायरखालून निसटतो, आणि निघताना रस्त्यातच राहिला तर मागच्या दुचाकीवाल्याच्या जिवावर येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे चालक सीटवर नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला, किंवा गाडी आपोआप सरकणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली असणं बंधनकारक आहे. चहाच्या टपरीसमोर इंजिन चालू ठेवून, नुसत्या लिव्हरच्या भरवशावर खाली उतरणं यात बसत नाही.

बोरघाट उतरून आल्या आल्या गाडी लावायची असेल तर सावध राहा. तापलेला ड्रम फुगलेला असतो, त्यामुळे दांडा जास्त बाहेर येतो आणि स्प्रिंगचा जोर कमी पडतो. थंड होताना ड्रम आकसतो आणि लायनरवर आवळतो. कधी कधी त्यानं ड्रमचा आकारही बिघडतो. सपाट जागा बघा, ठोकळे लावा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी लिव्हर एकदा सोडून पुन्हा लावा. मुळात ड्रम तापूच द्यायचा नसेल तर खंडाळ्याच्या वरच गिअर खाली घ्यावा आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिन रोखणारा ब्रेक, चालू करावा. क्लच दाबला की एक्झॉस्ट ब्रेकचा उपयोग संपतो, म्हणून उतारावर गिअर बदलत बसायचं नाही. पायाचा ब्रेक धरून ठेवण्याऐवजी घट्ट दाबा, वेग उतरवा आणि सोडा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्याच्या हातात इंजिनाचा रोध राहत नाही आणि एक्झॉस्ट ब्रेकही नाही. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टीअरिंगही गेलं.

ट्रेलर

न्हावाशेवाच्या यार्डात हॉर्स, म्हणजे ओढणारा पुढचा ट्रक, आणि ट्रेलर दिवसभर जोडले-सोडले जातात, आणि धोक्याचं मूळ लाल पाइपात असतं. लाल पाइप ट्रेलरच्या टाकीत हवा भरतो, पिवळा पायाच्या ब्रेकचा इशारा नेतो. लाल जोडला की ट्रेलरचा लागलेला ब्रेक सुटू शकतो. म्हणून आधी हॉर्सचा हँडब्रेक आणि ट्रेलरला ठोकळे, मग पिवळा, आणि शेवटी लाल. सोडताना आधी लाल, मग पिवळा. केबिनमध्ये कुणी नाही, लिव्हर सुटलेला, आणि चालक दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहून लाल पाइप बसवतोय, यात माणूस चिरडला जातो.

काही हॉर्सच्या लिव्हरला पार्कच्या पुढे दाबून धरायची आणखी एक जागा असते. तिथे ट्रेलरचा ब्रेक सुटतो आणि सगळा भार एकट्या हॉर्सच्या स्प्रिंगवर येतो. त्या जागी गाडी सरकली तर त्या उतारावर ती लावू नये, कारण ट्रेलरचा ब्रेक हवेनं धरलेला असेल तर ती हवा गळल्यावर नेमकं तेच होणार आहे.

पावसाळा आणि खारी हवा

मुंबईच्या दमट हवेत टाकीत पाणी साठतं. जून ते सप्टेंबर रोज, एरवी आठवड्यातून एकदा टाकीखालची कडी ओढून पाणी काढा. थोडं पाणी आलं तर ठीक. रोज भरपूर येत असेल तर ड्रायरची काट्रिज संपली; पांढरट, दुधासारखं तेल येत असेल तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. ते तेल पुढे वाल्वची रबरं फुगवतं आणि मग लिव्हर सोडला तरी ब्रेक उशिरा सुटतो.

साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर दोन-चारशे मीटर हळू चालवत पाय ब्रेकवर हलका ठेवा, म्हणजे लायनर सुकतात. ओल्याच ड्रमवर हँडब्रेक लावून दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की गंजानं लायनर ड्रमला चिकटतात. लिव्हर सोडूनही चाक फिरत नसेल तर हवा पूर्ण भरून गाडी पुढे-मागे अलगद हलवा किंवा ड्रमला बाहेरून हातोडीनं हलके ठोके द्या. चेंबरला ठोकायचं नाही.

आवाजावरून दोष

लिव्हर सोडल्यावरच मागून सतत फुसफुस येते आणि पार्क केला की थांबते, तर स्प्रिंगच्या बाजूचा डायफ्राम, म्हणजे चेंबरमधला रबरी पडदा, किंवा सील गेलं. पेडल दाबल्यावरच येत असेल तर पायाच्या ब्रेकच्या बाजूचा डायफ्राम. हँडब्रेक लावूनही गाडी सरकत असेल तर आधी चेंबरच्या दांड्याची चाल, म्हणजे तो किती बाहेर येतो, ते मोजा: दीड इंचापर्यंत ठीक, दोन इंचांच्या आसपास गेली तर स्लॅक ॲडजस्टर ढिला आहे. हातानं आवळायचा स्लॅक असेल तर ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून, लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळा आणि साधारण अर्धा फेरा मागे घ्या. ऑटो स्लॅक पुन्हा पुन्हा हातानं आवळावा लागत असेल तर तो बदलायचा.

बाकीची बटणं, थोडक्यात

डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं बटण, फक्त चिखलात, गाडी थांबवून, सरळ चालायला लावा आणि वळण्याआधी काढा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत उभ्यानं रीजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळणं, करताना सायलेन्सर प्रचंड तापतो, म्हणून भिवंडीच्या गोदामात किंवा सुक्या गवतावर ते बटण दाबू नका. चावी बंद केल्यावर एक-दोन मिनिटं थांबूनच बॅटरीचा कटऑफ फिरवा, कारण तेवढ्या वेळात धूर साफ करणाऱ्या युरियाचा पंप पाइपातला युरिया टाकीत परत ओढतो. लगेच कटऑफ मारला तर तो आतच सुकतो आणि नोझल चोंदतं.

हवा भरतच नाही आणि गाडी हलवायची आहे

कॉम्प्रेसर गेला किंवा पाइप फुटला तर स्प्रिंग हातानं मागे घ्यावी लागते. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, कारण यानंतर गाडीला हँडब्रेक उरत नाही. काही चेंबरना मागे बोल्ट बसवलेलाच असतो. तो घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवून बाहेर आणायचा. काहींचा बोल्ट बाजूच्या खाचेत ठेवलेला असतो: मागचं रबरी झाकण काढा, बोल्ट आत घाला, पाव फेरा फिरवून अडकवा आणि नट आवळा. साध्या पान्यानंच, इम्पॅक्ट गन लावू नका. बाहेरून थोडी हवा देता आली तर बोल्ट सहज फिरतो. खारी हवा लागणाऱ्या गाड्यांत हा बोल्ट गंजून बसतो, म्हणून झाकण जागेवर आहे ना आणि बोल्टला ग्रीस आहे ना, हे सर्व्हिसिंगच्या वेळीच बघून घ्यावं.

चेंबरचे दोन भाग धरून ठेवणारा पट्टा मात्र रस्त्यावर कधीच खोलू नका. आतली स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोरानं दाबलेली असते. ती सुटली की समोरचा माणूस वाचत नाही.

अशी गाडी फक्त ओढून न्यायची, तीही दोरीनं नाही, ओढायच्या लोखंडी दांड्यानं. दुरुस्तीनंतर पूर्ण हवा भरा, दोन्ही चाकांचे बोल्ट मूळ जागी आणा, लिव्हर पार्कमध्ये टाका आणि एकानं खाली वाकून दोन्ही बाजूंचे दांडे सारखे बाहेर येतात का ते बघा. एकच येत असेल तर दुसऱ्या चेंबरचा बोल्ट अजून अडकलेला आहे.