आर नवं टाकलं आणि कंट्रोल दुसरा आला

मे महिन्यातल्या एका दुपारी एमएस्सीची एक विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, कंट्रोल दुसरा आलाय."

रब्बी कांद्याचा खतांचा प्रयोग. वाण एन-२-४-१, आठ ट्रीटमेंट (खतांचे वेगवेगळे पर्याय), तीन रेप्लिकेशन (प्रत्येक पर्याय तीनदा), चोवीस वाफे. कंट्रोल म्हणजे ज्या वाफ्याला काहीच दिलं नाही तो. तो उत्पादनात दुसरा यायचा म्हणजे एक तर जमीन फारच उपकारी, नाहीतर आपण काहीतरी घोळ घातलाय. आकडेवारीचं विश्लेषण करणारी स्क्रिप्ट (आर या संख्याशास्त्राच्या संगणक भाषेत लिहिलेले आदेश) न अडता चालली होती, लाल अक्षरात एक ओळ नव्हती. फरक एवढाच होता की मधल्या काळात विभागातला संगणक फॉरमॅट झाला होता आणि ३.५.१ च्या जागी आर ४.३.१ आलं होतं.

घोळ कुठे झाला ते सांगते, कारण आरबीडीचा (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, म्हणजे प्रत्येक ब्लॉकात ट्रीटमेंटचा क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा ठरवायचा) आराखडा आरमधून काढणाऱ्या कुणालाही तो होऊ शकतो. डिसेंबरात आराखडा सेट.सीड (चिठ्ठ्यांचा क्रम पुन्हा तोच यावा म्हणून द्यायचा सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड) आणि सॅम्पल (चिठ्ठ्या काढणारं फंक्शन) वापरून काढला, प्रिंट घेऊन वाफ्यांना खुंट्या मारल्या. एप्रिलमध्ये काढणीचं वजन वाफ्याच्या नंबराप्रमाणे भरलं. विश्लेषणाची स्क्रिप्ट मात्र दरवेळी तोच सीड देऊन आराखडा पुन्हा तयार करायची आणि वजनांना जोडायची. सीड तोच म्हणजे आराखडाही तोच, असा आमचा समज. पण एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० पासून सॅम्पलची आतली पद्धतच बदलली. आधीच्या 'राउंडिंग' पद्धतीत फार मोठ्या संचातून निवड करताना सगळ्यांना सारखी संधी मिळत नव्हती, म्हणून 'रिजेक्शन' पद्धत आणली. आपल्या चोवीस वाफ्यांना त्या दोषाचा काही त्रास नव्हता. क्रम मात्र बदलला, आणि शेतातल्या खुंट्यांना ही बातमी कुणी दिली नव्हती.

उपाय एका ओळीचा आहे. (फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच रोमन, आणि कॅपिटल-स्मॉल सांभाळून.) सेट.सीडच्या आधी आरएनजीव्हर्जन लिहा आणि कंसात अवतरणचिन्हांत ३.५.० द्या. जुना क्रम परत येतो. सोबत 'नॉन-युनिफॉर्म' अशी सूचना येईल, घाबरू नका. आराखड्याचं काम झालं की आरएनजीकाइंडमध्ये सॅम्पल.काइंडला 'रिजेक्शन' देऊन परत या, नाहीतर पुढचं सगळं जुन्या पद्धतीनं चालू राहील.

यात एक गंमतही झाली. तिच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, तिथेही नवंच आर असताना, तीच स्क्रिप्ट बरोबर उत्तर देत होती. दोघींचा अर्धा दिवस भांडणात गेला. मैत्रीण आर बंद करताना 'वर्कस्पेस (त्या वेळी आरच्या स्मरणात असलेलं सगळं) सेव्ह करू का' याला कायम हो म्हणायची. त्या फाइलमध्ये रँडम नंबरांची जुनी अवस्था लपून बसते, आर उघडताना परत लोड होते, आणि नुसत्या सेट.सीडनं पद्धत बदलत नाही. तपासायचं असेल तर डॉट रँडम डॉट सीड या वस्तूचा पहिला आकडा बघा: ४०३ असेल तर जुनी पद्धत, १०४०३ असेल तर नवी. आणि वर्कस्पेस सेव्ह करायची सवय सोडा. आरस्टुडिओच्या (आर वापरायचा प्रोग्रॅम) ग्लोबल ऑप्शन्समध्ये तो पर्याय 'नेव्हर'वर ठेवा.

आता आरची आवृत्ती बदलण्याच्या पद्धतीबद्दल. जुनं आर काढून टाकू नका. विंडोजवर प्रत्येक आवृत्ती आपापल्या फोल्डरात बसते, दोन-तीन आवृत्त्या सुखानं एकत्र नांदतात. आरस्टुडिओत टूल्स, ग्लोबल ऑप्शन्स, जनरल इथे जाऊन कोणती वापरायची ते निवडता येतं. आमच्यासारखी काढली गेली असेल तर क्रॅनवर (आरच्या अधिकृत संकेतस्थळावर) जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या आहेत, तिथून परत घ्या.

मग तीच स्क्रिप्ट तोच डेटा घेऊन जुन्या आवृत्तीत चालवा आणि ॲनोव्हाचा (प्रचरण विश्लेषणाचा) तक्ता, ट्रीटमेंटच्या सरासऱ्या, सीव्ही (विचरणाचा गुणांक), सीडी (दोन सरासऱ्यांतला फरक खरा मानायला लागणारा किमान फरक) हे सगळं एका फाइलमध्ये सेव्ह करा. नव्या आवृत्तीत कोरं सेशन उघडून पुन्हा चालवा आणि दोन्ही निकाल ऑल.इक्वलनं ताडून बघा. डोळ्यांनी तुलना करू नका. सरासऱ्यांचा तक्ता वर्षानुवर्षं बघितलेल्या माणसाला तो बरोबरच दिसतो, माझंही तसंच झालंय.

नव्या आवृत्तीत पहिल्यांदा चालवताना ऑप्शन्समध्ये वॉर्न = २ करा. मग प्रत्येक वॉर्निंग एरर होते आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते. वर सांगितलेली 'नॉन-युनिफॉर्म' सूचनाही मग स्क्रिप्ट अडवेल, तेवढी ओळ सप्रेसवॉर्निंग्जमध्ये गुंडाळा.

आमच्याकडे पुढे जे सापडलं ते असं. रीड.सीएसव्ही (डेटाची फाइल वाचणारं फंक्शन) पूर्वी अक्षरांचा कॉलम आपोआप फॅक्टर (ठरावीक गटांचा कॉलम; त्या गटांच्या नावांना लेव्हल्स म्हणतात) करायचं. एप्रिल २०२० च्या ४.० पासून करत नाही, कॉलम साधा मजकूर राहतो. प्लॉटमध्ये ट्रीटमेंट विरुद्ध उत्पादन दिलं की पूर्वी बॉक्सप्लॉट यायचा, आता एरर येते. ते परवडलं. न परवडणारी गोष्ट म्हणजे लेव्हल्सवर फिरणारी लूप. मजकुराला लेव्हल्स नसतात, म्हणून लूप एकदाही फिरत नाही, तक्रारही करत नाही, आणि शेवटी रिकामी फाइल हातात येते. इथे वॉर्न = २ सुद्धा कामाला येत नाही. वाचतानाच स्ट्रिंग्जॲजफॅक्टर्स = ट्रू असं लिहून टाका, किंवा हवा तो कॉलम स्वतः फॅक्टर करा. मला दुसरं आवडतं, कारण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला ते दिसतं.

मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकटीचा) क्लास, म्हणजे प्रकार, विचारला की ४.० पासून दोन शब्द येतात, 'मॅट्रिक्स' आणि 'ॲरे'. जुन्या स्क्रिप्टांत 'इफ क्लास बरोबर मॅट्रिक्स' असं सर्रास असतं. ४.२ पासून इफला एकाहून जास्त उत्तरं मिळाली की थेट एरर. त्याऐवजी इज.मॅट्रिक्स वापरा, काम संपलं.

४.२ चा एक फायदा मात्र आपल्यालाच झालाय. शेऱ्याच्या कॉलममध्ये 'करपा दिसला', 'पाणी उशिरा' असं मराठीत लिहिलं की विंडोजवर पूर्वी मराठी अक्षरांऐवजी यू-अधिकवाले (U+) कोड दिसायचे. विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर ४.२ पासून यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) हीच मूळ धरली जाते, आणि शेरा सरळ वाचता येतो. फक्त एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही काढली असेल तर पहिल्या कॉलमच्या नावापुढे कचरा चिकटतो, आणि तो जुन्या-नव्यात वेगवेगळा दिसतो. कुणीतरी तो कचरा धरूनच कॉलमचं नाव स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं (आमच्याकडे ते मीच होते). फाइलएन्कोडिंगला यूटीएफ-८-बॉम द्या, दोन्हीकडे नाव स्वच्छ येतं.

पॅकेजेस (आरला जोडायचे जादा फंक्शन-संच) ४.० नंतर नव्यानं इन्स्टॉल करावीच लागतात, जुन्या लायब्ररीचं फोल्डर कॉपी करून चालत नाही. नवा प्रयोग सुरू करताना आरएनव्ही (renv) हे पॅकेज वापरा. ते पॅकेजेसच्या आवृत्त्या एका लॉकफाइलमध्ये नोंदवतं. आरची आवृत्तीही नोंदवतं, पण आर स्वतः बसवून देत नाही.

त्या मुलीचा आराखडा आरएनजीव्हर्जन लावून पुन्हा काढला आणि फील्ड बुकातल्या प्रिंटशी वाफा न् वाफा लावून बघितला. चोवीसच्या चोवीस जुळले. कंट्रोल आठवा आला. आता आराखडा एकदाच काढतो, लगेच सीएसव्हीत सेव्ह करतो, आणि विश्लेषणाची स्क्रिप्ट ती फाइल वाचते. सॅम्पलला तिथे हात लावत नाही.