'रन आउट ऑफ': संपलं काय, त्याआधी संपलं कुणाकडचं?

नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना मी इंग्रजी शिकवते. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहिते: कागद संपला.

मराठीत संपतो तो कागद. तो कुणाकडचा, हे सांगितलं नाही तरी चालतं. इंग्रजीत मात्र ज्याच्याकडचा कागद संपला तो पुढे येतो: 'आय हॅव रन आउट ऑफ पेपर.' माझ्या पहिल्या नोकरीत मी साहेबांना 'पेपर इज फिनिश्ड' असं लिहून पाठवलं. त्यांना वाटलं, हिचा मसुदा लिहून झाला. दोन दिवस मी कागदाची वाट बघत होते.

कर्ता माणूसच हवा असं नाही. १९८३ साली एअर कॅनडाच्या एका विमानातलं इंधन हवेतच संपलं. भरताना पाउंड आणि किलोची गल्लत झाली होती. इंग्रजीत हे सांगताना विमानच कर्ता होतं: 'द प्लेन रॅन आउट ऑफ फ्युएल.' संपलेल्या वस्तूलाच कर्ता करायचं असेल, तर 'ऑफ' गाळा: 'द फ्युएल रॅन आउट.' सगळ्यात जास्त चुका या 'ऑफ'च्याच होतात. दुसरी चूक तिसऱ्या रूपाची: रन, रॅन, पुन्हा रन. म्हणून 'हॅव रॅन आउट' नको.

आता, आपलं प्रत्येक 'संपणं' इथे बसत नाही. बैठक संपली, सिनेमा संपला, तिथे 'इज ओव्हर' म्हणा. ओळखायचं कसं? 'पुरला नाही' म्हणून बघा. कागद पुरला नाही, वेळ पुरला नाही, पैसे पुरले नाहीत: ही सगळी 'रन आउट ऑफ'ची माणसं. 'बैठक पुरली नाही' असं कुणी म्हणत नाही. ही कसोटी मला फार आवडते, कारण ती आपल्याच भाषेतून येते.

अजून संपलं नाही, पण संपत आलंय? 'वी आर रनिंग आउट ऑफ टाइम.' आपल्या 'संपत आलाय'ला इतका नेमका जोड क्वचित मिळतो.

पासपोर्टची मुदत संपते तेव्हा 'पुरणं' कामाचं नाही. 'माय पासपोर्ट रन्स आउट इन मे' हे तसंच पाठ करा. आणि क्रिकेटमधला रन आउट वेगळा. तिथे फलंदाजाला कुणीतरी बाद करतं, म्हणून 'ही वॉज रन आउट'. यातला 'वॉज' काढून, 'रन'चं 'रॅन' करून पुढे 'ऑफ' लावलात, की त्याच्याकडचं काहीतरी संपलं असा अर्थ होतो.