शेजारी बसा आणि गप्प राहा

जन्मतारखेच्या रकान्यापाशी काकूंचं बोट थांबलं. डॉक्टरांची वेळ घेण्याचा तो ऑनलाइन फॉर्म मीच बनवला होता, आणि २०१९मध्ये त्याची चाचणी घ्यायला त्यांच्या शेजारी बसले होते. रकान्याला हात लावला की कॅलेंडर उघडायचं, तेही चालू महिन्याचं. मागे जायला कोपऱ्यात एक बारीक बाण होता. काकूंचा जन्म १९५८चा. त्या एकेक महिना मागे सरकू लागल्या. ६१ वर्षं म्हणजे बाण ७३२ वेळा दाबायचा. वरच्या वर्षाच्या आकड्याला हात लावला असता तर वर्षांची यादी उघडली असती, पण तो आकडा दाबायचा असतो हे कळावं अशी एकही खूण मी ठेवली नव्हती. २०१५पर्यंत पोचल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला. "मला नाही गं जमत हे फोनमधलं."

चूक माझी होती आणि दोष त्या स्वतःला देत होत्या. यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव, का महत्त्वाचा हे मला त्या दिवशी उमगलं. अडलेला माणूस सहसा तक्रार करत नाही. 'आपल्यालाच येत नाही' म्हणून तो निघून जातो, आणि तो कुठे अडला हे बनवणाऱ्याला कधी कळतच नाही. डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन १९९३मध्ये ॲपलमध्ये गेले तेव्हा त्यांनी आपल्या पदनामातच 'युजर एक्स्पीरियन्स' हे शब्द घेतले, कारण 'इंटरफेस' (पडदा, बटणं वगैरे समोर दिसणारा भाग) हा शब्द त्यांना अपुरा वाटत होता. पडद्यावर काय दिसतं एवढ्यावर हा विषय संपत नाही. माणूस काय करायला आला आणि ते झालं का, हे सगळं त्यात येतं.

म्हणून रंग आणि फॉन्ट निवडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: कोण येणार, कशासाठी, कुठल्या अवस्थेत. माझं वाक्य होतं, 'गुडघा दुखणारी व्यक्ती, मोबाइलवर, एका हाताने, या आठवड्यातली वेळ घ्यायला.' हे वाक्य समोर ठेवून पहिलं पान बघा. या कामाला जे उपयोगाचं नाही ते खाली सरकवा किंवा काढून टाका. संस्थेचा इतिहास पहिल्या पडद्यावर नको.

मग माणसं बोलवा. पाच पुरेत. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २०००मध्ये हेच मांडलं होतं: एकाच मोठ्या चाचणीपेक्षा पाच-पाच जणांच्या छोट्या फेऱ्या घ्या आणि मधे दुरुस्त्या करा. काम सांगताना मात्र जपून. बटणावर 'वेळ घ्या' लिहिलेलं असताना 'वेळ घेऊन दाखवा' म्हटलं, तर समोरचा फक्त ते शब्द शोधतो. 'गुडघा दुखतोय, गुरुवारी दाखवायचंय' एवढंच सांगा. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगा. आणि तुम्ही गप्प बसा. हे फार अवघड जातं. बोट चुकीच्या जागी जाताना दिसलं की माझा हात अजूनही पुढे सरसावतो. 'हे दाबू का?' असं विचारलं तर म्हणा, 'मी इथे नसते तर तुम्ही काय केलं असतं?' वहीत दोनच रकाने आखा: काय केलं, काय बोलले. शेवटी 'आवडलं का?' विचारू नका. भिडेखातर सगळे हो म्हणतात.

आमचे बहुतेक अडथळे फॉर्ममध्येच सापडले. जन्मतारखेसाठी आम्ही दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे चौकोन केले आणि त्यांना हात लावताच आकड्यांचा कीपॅड उघडेल असं केलं. रकान्याचं नाव रकान्याच्या वर, कायम दिसेल असं लिहा. आतली करडी अक्षरं टाइप करायला लागताच नाहीशी होतात आणि इथे काय भरायचं होतं हेच माणूस विसरतो. चूक झाली तर ती त्याच रकान्यापाशी सांगा, काय करायचं तेही सांगा. 'अवैध माहिती' यातून काहीच कळत नाही. 'महिना १ ते १२मधला हवा, तुम्ही १३ लिहिलाय' हे कळतं. एका चुकीपायी भरलेला सगळा फॉर्म रिकामा होणं, हे तर कधीच घडता कामा नये. फोन नंबरात कुणी मधे जागा सोडली तर ती काढून टाकणं प्रोग्रामचं काम, माणसाचं नाही.

बाकीचं भराभर तपासता येतं. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा, हा वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांतला आकडा. २०२३च्या आवृत्तीत बटणासाठी किमान २४ पिक्सेल सांगितलेत, पण मी ४४च्या खाली जात नाही. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कीने सगळं काम होतं का, बघा. देवनागरी मजकुराला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर, देऊ नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात.

दुसऱ्या फेरीला नवी पाच माणसं घेतली. जन्मतारखेपाशी कुणीही थांबलं नाही. पण शेवटच्या पडद्यावर 'सबमिट झालं' एवढंच लिहिलं होतं, आणि दोघं फोनकडे बघत राहिले: वेळ मिळाली की नाही? एकाने मागे जाऊन सगळं पुन्हा भरलं, आणि त्याच्या नावावर दोन अपॉइंटमेंट नोंदल्या गेल्या. आता तिथे 'तुमची वेळ ठरली: गुरुवार, सकाळी १०:३०' असं येतं आणि त्याखाली वेळ बदलायचं बटण असतं. ते बटण लोकांना सापडतं का, हे तिसऱ्या फेरीत बघितलं.