दिनमानाचा हिशेब करताना या चुका टाळा

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ, म्हणजेच दिनमान, मुळात दोनच कोनांवरून ठरते. एक कोन त्या ठिकाणाच्या अक्षांशाचा आणि दुसरा त्या दिवशीच्या सूर्याच्या क्रांतीचा, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून (पृथ्वीचे विषुववृत्त आकाशात वाढवून कल्पिलेल्या वर्तुळापासून) सूर्य किती अंश उत्तरेस किंवा दक्षिणेस आहे त्याचा. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे ही क्रांती वर्षभरात २३.४४ अंश उत्तर ते २३.४४ अंश दक्षिण अशी हेलकावत राहते. हिशेब फसतो तो बहुतेक वेळा या दोन कोनांच्या जोडीला तिसरीच गोष्ट आणून बसवल्यामुळे.

त्यांतली सर्वांत चिवट गोष्ट म्हणजे सूर्याचे अंतर. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२१ कोटी किलोमीटरवर. उत्तर गोलार्धात दिवस लहान असतात ते नेमके पृथ्वी जवळ असतानाच. अंतराचा परिणाम होतो तो वेगळ्या वाटेने. जवळ असताना पृथ्वी कक्षेत अधिक वेगाने सरकते, त्यामुळे मार्चच्या विषुवदिनापासून (सूर्याची क्रांती शून्य असते त्या दिवसापासून) सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात, तर तिथून पुढच्या मार्चपर्यंत सुमारे १७९. रेखांशाचे तर दिनमानात कामच नाही. त्याने घड्याळातली सूर्योदयाची वेळ पुढेमागे होते, दिवसाची लांबी नाही.

सूर्य डोक्यावर येणे आणि दिवस सर्वांत मोठा असणे या दोन गोष्टींचीही गल्लत होते. १५ अंश उत्तर अक्षांशावर सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो तो मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास, पण तिथला सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या आसपासचाच असतो. त्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य डोक्यापासून उत्तरेकडे कललेला असला, तरी तो अधिक उत्तरेला उगवून अधिक उत्तरेला मावळतो आणि त्याच्या दैनिक वर्तुळाचा क्षितिजावरचा भाग मोठा असतो.

पुढची चूक समप्रमाणाची आहे आणि ती अक्षांशाच्या बाबतीत होते तशीच ऋतूच्या बाबतीतही होते. जूनच्या अयनदिनी, म्हणजे सूर्याची क्रांती सर्वांत उत्तरेला असते त्या दिवशी, केवळ भूमितीने काढलेले दिनमान विषुववृत्तावर १२ तास, २० अंश उत्तरेला १३ तास १३ मिनिटे, ४० अंशांवर १४ तास ५१ मिनिटे आणि ६० अंशांवर १८ तास २९ मिनिटे येते; म्हणजे पहिल्या वीस अंशांत सव्वा तासाहून कमी आणि शेवटच्या वीस अंशांत साडेतीन तासांहून अधिक वाढ. ऋतूचेही तसेच. ४० अंशांवर मार्चच्या विषुवदिनानंतरच्या तीन महिन्यांत दिवस अनुक्रमे सुमारे ७९, ६४ आणि २८ मिनिटांनी वाढतो. म्हणून दोन टोकांची दिनमाने घेऊन मधल्या तारखांची उत्तरे सरळ भागाकाराने काढू नयेत.

सूत्र साधे आहे. अक्षांशाचा टॅन्जंट आणि क्रांतीचा टॅन्जंट यांचा गुणाकार करावा, त्याचे चिन्ह उलटे करावे आणि येणारी संख्या ज्या कोनाची कोसाइन आहे तो कोन काढावा. तो अर्ध्या दिवसाचा कोन असतो आणि १५ अंशांना एक तास या दराने त्याचे तास होतात; त्यांची दुप्पट म्हणजे दिनमान. दक्षिण अक्षांश आणि दक्षिण क्रांती उणे धरण्यास विसरले, तर हिवाळ्यात उन्हाळ्याचे दिनमान हाती येते. कॅल्क्युलेटरने त्रुटी दाखवली तर आधी अक्षांश पाहावा. सूत्रातली संख्या उणे १ च्याही खाली गेली असेल, तर त्या दिवशी सूर्य मावळतच नाही, आणि १ च्या वर गेली असेल, तर उगवतच नाही. हे खरे उत्तर आहे, बिघाड नव्हे. मात्र २० अंशांसारख्या अक्षांशावर अशी त्रुटी आली, तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर, ठेवलेला आहे असे समजावे.

एवढे करूनही छापील वेळांशी उत्तर काही मिनिटांनी जुळत नाही, आणि इथे पुष्कळ जण सूत्रावरच शंका घेतात. सूत्र सूर्याच्या केंद्राचा आणि हवा नसलेल्या पृथ्वीचा विचार करते. छापील सूर्योदय सूर्याची वरची कड दिसण्याचा असतो आणि क्षितिजावरचा प्रकाश हवेतील अपवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश वाकल्यामुळे, सुमारे ३४ कलांनी (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उचलला जातो. सूर्याच्या त्रिज्येच्या १६ कला त्यात मिळवल्या, की केंद्र क्षितिजाखाली ५० कला असतानाच दिवस सुरू झालेला असतो. यामुळे जूनच्या अयनदिनी २० अंशांवर दिवस सुमारे ८ मिनिटांनी वाढतो, ६० अंशांवर सुमारे २३ मिनिटांनी. याच कारणाने विषुवदिनाचा दिवसही बरोबर १२ तासांचा नसतो आणि खुद्द विषुववृत्तावर तो सुमारे १२ तास ७ मिनिटांचा असतो. संधिप्रकाश मात्र यात मोजू नये; सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत उजेड पुरेसा असला, तरी तो काळ दिनमानाबाहेरचा आहे.

राहिली घड्याळाची फसवणूक. ४० अंश उत्तरेला सर्वांत लवकर सूर्यास्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी होतो आणि सर्वांत उशिरा सूर्योदय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तर सर्वांत लहान दिवस या दोहोंच्या मध्ये, २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. आसाचा कल आणि कक्षेतला वाढलेला वेग यांमुळे त्या सुमारास एका माध्यान्हापासून पुढच्या माध्यान्हापर्यंत २४ तासांपेक्षा सुमारे अर्धा मिनिट अधिक लागतो, आणि सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही घड्याळात रोज थोडे पुढे सरकतात. म्हणून नुसत्या सूर्यास्ताच्या नोंदींवरून सर्वांत लहान दिवस ठरवू नये. त्याच दिवशीच्या सूर्यास्ताच्या वेळेतून सूर्योदयाची वेळ वजा करून मगच तारखांची तुलना करावी.